लांब गाडीच्या पाच चिठ्ठ्या

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, व्यवसाय गाड्यांच्या सीटा शिवणे, हे मृत्युपत्र माझ्या शिवणाच्या टेबलापाशी बसून, राजीखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसं डॉक्टरीणबाईंनी परवा तपासून लिहून दिलं आहे. आज तारीख काय, असं त्यांनी विचारल्यावर मी त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे हे दाखवून दिलं, तेव्हा त्यांनी पुढचे प्रश्न विचारले नाहीत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही.

वकिलांनी दीड पानाचा नमुना दिला होता. नमुना चांगला आहे, पण त्यात गाडीला एकच ओळ आहे आणि आमच्या गाडीचं प्रकरण एका ओळीत मावणारं नाही. सबब मी माझ्या पद्धतीने लिहिते.

१. वारस. मला दोन मुलं. मुलगा पस्तीस वर्षांचा, त्याला घरात सगळे दादा म्हणतात, इथेही तेच म्हटलं जाईल. मुलगी एकतीस वर्षांची, तिचा उल्लेख धाकटी असा येईल. दोघंही आपापल्या संसारात सुखी आहेत. दोघं एकमेकांशी सहा वर्षं बोलत नाहीत. तो महिन्याच्या पहिल्या रविवारी येतो, ती तिसऱ्या. जेवायचं टेबल पाच जणांचं आहे आणि त्यावर मी एका वेळी दोन ताटंच मांडते. हे असं का झालं ते कलम ५ मध्ये येईल.

२. घर. तीन खोल्या, मागचं अंगण आणि शेड. दोघांना निम्मं निम्मं. बँकेत आहे तेही निम्मं निम्मं. शेडबद्दल एक सांगते. माझे यजमान जमीन मोजणीच्या खात्यात होते, फूट-इंचाशिवाय बोलायचे नाहीत. ज्या वर्षी गाडी आली त्या वर्षी यांनी शेडची मागची भिंत अडीच फूट मागे घेतली, "तुझे रेक्झिनचे रोल बाहेर भिजतात" म्हणून. रोल तिथे एक दिवसही राहिले नाहीत, कारण गाडी आल्यावर जागाच उरली नाही. तरी भिंत पक्की आहे, पाडू नये.

३. हत्यारं. जाड कापड शिवायचं मोठं मशीन, दोन्ही कात्र्या, सुयांचा डबा आणि गिऱ्हाइकांची वही हे सगळं बावीस वर्षं माझ्याबरोबर शिवणाऱ्या बाईंना. त्यांची शिवण माझ्यापेक्षा सरळ येते. हे मी त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगते. मशीनचा डावा खण मात्र मी रिकामा केला आहे. त्यात काय होतं ते कलम ६ मध्ये.

४. धाकटे दीर. त्यांना माझ्याकडून घडीचं स्टूल. गाडी दारात आली त्या दिवशी भावजींनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "वहिनी, शववाहिका घेतलीत की काय?" पुढे त्यांचं बिऱ्हाड हललं तेव्हा याच शववाहिकेतून त्यांची कपाटं पाच खेपांत गेली. आभार मानायचे राहिले असतील. स्टुलावर बसून निवांत आठवावं.

५. गाडी. आमची जुनी गाडी दमली तेव्हा घरात पाच माणसं होती: हे, मी, सासूबाई, दादा सोळा वर्षांचा आणि धाकटी बाराची. मोठं इस्पितळ घरापासून चाळीस किलोमीटरवर, रस्ता दोन पदरी, चढाचा, वळणांचा आणि दगडाच्या ट्रकांचा. सासूबाईंना तिथे महिन्यातून दोनदा न्यावं लागे. एका ट्रकला मागे टाकायला जुनी गाडी अकरा सेकंद घ्यायची. मी शेजारी बसून मोजायची. समोरचं वळण आठव्या सेकंदाला यायचं. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, की पुढची गाडी जोरकस इंजिनाचीच घ्यायची. लोकांना वाटतं वेग मिरवायला लागतो. मला तो रस्त्याच्या चुकीच्या बाजूवर कमीत कमी वेळ राहण्यासाठी हवा होता.

दादाला उंच गाडी हवी होती, सात जणांची, त्याच्या मित्राकडे होती तशी. गाड्यांच्या दुकानात दोन्ही शेजारी शेजारी उभ्या होत्या, एक उंच आणि एक लांब. लांब म्हणजे साध्या मोटारीसारखीच बुटकी, पण छत मागपर्यंत सरळ नेलेलं, पाठीमागे वर उघडणारं दार, दोन लिटरचं टर्बो इंजिन, सहा गियर. विकणारा मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही रंग बघा, इंजिनचं मी साहेबांना सांगतो." हे म्हणाले, "इंजिनचं तिलाच सांगा. रंग मी बघतो." आणि खरंच रंग बघायला गेले.

मी सीटवर अंगठा दाबून फोम बघितला, शिवण उलटून बघितली, मागच्या सीटा पाडून फितीने मापलं. बसचं आख्खं बाकडं आडवं मावत होतं. उंच गाडी वळणावर डोलायची, आणि धाकटीला डोललेलं सोसत नाही, दोन वळणांत पोटातलं बाहेर. सासूबाई उंच गाडीच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, यात चढायला शिडी आण, नाहीतर मला इथेच विकून टाक." लांब गाडीत त्या आडव्या टेकल्या, पाय आत घेतले आणि म्हणाल्या, "बसले बाई."

आमच्या घरात मोठा निर्णय चिठ्ठीने व्हायचा. पद्धत यांची. बटणांच्या डब्यात पाच चिठ्ठ्या, आणि मोजायचं काम नेहमी माझं, कारण हे म्हणायचे, "दिवसभर मीच मोजतो, घरी तू मोज." त्या संध्याकाळी मी चिठ्ठ्या वाचल्या आणि जाहीर केलं: लांब तीन, उंच दोन. दादा म्हणाला, "चिठ्ठ्या दाखव." मी म्हटलं, "मत गुप्त असतं," आणि चिठ्ठ्या मशीनच्या डाव्या खणात टाकल्या.

दादाने आधीच दोघांकडून शब्द घेतला होता, वडिलांकडून आणि बहिणीकडून. त्याचा हिशेब सोपा होता. त्याची तीन मतं होती, निघाली दोन, म्हणजे कोणीतरी फिरलं. वडिलांवर त्याचा विश्वास होता. खापर धाकटीच्या डोक्यावर फुटलं. "मी उंचच लिहिलं होतं रे दादा," असं ती आठवडाभर सांगत होती, मग सांगायची थांबली. "मग बाबा फिरले असतील," असं मात्र ती एकदाही म्हणाली नाही. तेव्हापासून तो तिला फितूर म्हणायचा. आधी चेष्टेत म्हणायचा, पुढे चेष्टा कधी संपली ते कोणाला कळलं नाही.

सहा वर्षांपूर्वी हे आजारी पडले. धाकटी यांच्या उशाशी होती. तिने फोन केला, "दादा, आजच निघ." तो म्हणाला, "तुझा शब्द मी एकदा धरला होता, पुरे झालं. डॉक्टर सांगतील तेव्हा निघतो." तो दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. हे सकाळी गेले होते. दारातच तो तिच्यावर ओरडला, की नीट सांगायचं होतंस. त्यानंतर ती त्याच्याशी बोललीच नाही.

६. कबुली. खरा निकाल असा: उंच तीन, लांब दोन. मी खोटं सांगितलं. लांब लिहिणाऱ्या फक्त मी आणि सासूबाई. पाचही चिठ्ठ्या या कागदाला टाचणीने जोडल्या आहेत. धाकटीची चिठ्ठी ओळखायला अवघड नाही. तिने 'उंच' लिहिलं आहे आणि खाली गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढलेली एक मुलगी काढली आहे. आपल्याला प्रत्येक वळणावर ओकारी येणार हे त्या पोरीला माहीत होतं, तरी तिने भावाला दिलेला शब्द पाळला. या घरात त्या दिवशी सगळ्यात सच्चं कोणी वागलं असेल तर ती, आणि फितूर म्हणून तीच ओळखली गेली.

गाडी निवडल्याचा मला पश्चात्ताप नाही. सासूबाई पुढची नऊ वर्षं त्याच सीटवर आडव्या टेकून गेल्या-आल्या, आणि ट्रक मी पाच सेकंदांत मागे टाकत होते. गाडी बरोबरच होती. पण ती मी सरळ सांगून, भांडून घ्यायला हवी होती. भांडायला मी कुठे कमी होते? दादाचं तोंड फुगेल म्हणून सोपी वाट धरली आणि तिची किंमत माझ्या मुलीने भरली. त्या फोनच्या दिवशी त्याला अडवणारं माझं खोटं होतं. याची मला लाज वाटते, आणि ती मी कोणाबरोबर वाटून घेणार नाही.

७. गाडी धाकटीला. दादाने पहिल्या खेपेला तिच्या शेजारी बसावं. ही अट आहे.

८. दुरुस्ती. इथपर्यंत काल लिहून झालं होतं. आज सकाळी साक्षीसाठी गवंडीदादा आले. शेड त्यांनीच बांधली. वाचल्याशिवाय सही करत नाही म्हणाले, म्हणून मी वाचून दाखवलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "वहिनी, ते रोलचं चुकलंय. साहेबांनी मला भिंत मागे घ्यायला सांगितली ती चिठ्ठ्यांच्या आधीच्या आठवड्यात. हातात कागद होता, त्यावर गाडीचं माप. मी विचारलं, घेतली का गाडी? तर म्हणाले, अजून नाही, पण मोजणारी ती आहे, येणार लांबच."

मी यांची चिठ्ठी पुन्हा काढून पाहिली. ऑफिसातल्या अक्षरात 'उंच', खाली रेघ मारलेली. म्हणजे यांनी मत मुलाला दिलं आणि भिंत मला. मला हसू आलं, मग रडू आलं, आणि मग यांचा फार राग आला. मी खोटं सांगितलं हे यांना पहिल्या मिनिटापासून कळलेलं होतं. एकाच घरात आम्ही दोघंही तोंड मिटून राहिलो आणि बोलणी पोरीने खाल्ली. हे गप्प गेले. मी तशी जाणार नाही.

सबब कलम ७ मधली अट बदलते. हे मृत्युपत्र माझ्या मृत्यूनंतर नव्हे तर उद्या रविवारी सकाळी दहा वाजता वाचलं जाईल. वकील म्हणतात अशी रीत नाही. नसू दे. मेलेल्या बाईला कोणी रागावत नाही, आणि दादाने माझ्यावर रागवायला हवं. दोघांनाही फोन केले आहेत, दुसरंही येणार आहे हे एकालाही सांगितलेलं नाही. हे माझं शेवटचं खोटं. गाडी धाकटी चालवील, शेजारी दादा बसेल, मागे सासूबाईंच्या जागी मी. इस्पितळाच्या रस्त्याने वरच्या वळणापर्यंत जायचं आणि तिथे गाडी उभी करून दादाने हा कागद मोठ्याने वाचायचा. चिठ्ठ्याही त्यानेच उघडायच्या, बहिणीची सगळ्यात शेवटी. मग तो जे बोलेल ते मी ऐकून घेईन. परत आल्यावर जेवणाला टेबलावर तीन ताटं असतील, ती मी आजच काढून ठेवली आहेत.

स्थळ: राहतं घर. दिनांक: ७ मार्च, शनिवार.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिल्या, डॉक्टर: सही करणारी व्यक्ती पूर्ण शुद्धीवर आहे. कॅलेंडर बदललं आहे. (सही)

साक्षीदार दुसरे, गवंडी: वर लिहिलेली भिंत मीच बांधली. ती अडीच नाही, साडेतीन फूट मागे घेतली आहे. अडीच फुटांत गाडी मावत होती, पण साहेब म्हणाले, मागचं दार उघडून हिला सामान काढायला उभं राहता आलं पाहिजे. (सही)