चढ बघायला

माय,

लेकीला रविवारी फोनवर उत्तर द्यायचं आहे. पाटोद्याचं घर बंद करून मी कायमची न्यूझीलंडला तिच्याकडे जायचं की नाही, एवढाच प्रश्न. तिच्याकडून परत आल्यापासून उत्तर सापडत नाही. बसले की उठते, उठले की कशाला उठले ते आठवत नाही. म्हणून शेवटी तुला लिहायला घेतलं.

तिच्या शहरात एक रस्ता आहे. देऊळ नाही, किल्ला नाही. दोन्ही बाजूंना साधी घरं आणि मधून छपरासारखा उभा चढ. तो बघायला देशोदेशीची माणसं येतात. फोन तिरपा धरतात, म्हणजे फोटोत रस्ता सपाट दिसतो आणि घरं कलंडलेली. इथं शेजारणीला हे सांगितलं तर कपाळाला हात लावून म्हणाली, "चढ बघाया इमानानं गेलतात, मावशी? मांजरसुंब्याचा घाट काय ओस पडला व्हता?"

जावयाने गाडी चढावरच लावली. मी उतरले. एका फाटकापाशी पांढरे गोल दगड मांडलेले होते. त्यातला एक उचलला आणि गाडी मागे येऊ नये म्हणून मागच्या चाकाखाली उटीसारखा सारला. लेक ओरडली, "आई! ते शोभेचे दगड आहेत. आणि गाडीला ब्रेक असतो."

"असू दे," मी म्हणाले.

घराची म्हातारी मालकीण खिडकीतून बघत होती. लेकीने तिची माफी मागितली. मी मागितली नाही.

मी लहान आहे आणि आपली बैलगाडी घाट चढते आहे. ऊस तोडायला निघालेला सगळा संसार गाडीत, त्यावर मी. वडील पुढे बैलांशी बोलतात आणि तू मागे, पोटाशी दगड धरून. बैलं थांबली की वाकून चाकामागे दगड सारतेस, चालली की उचलतेस. मी विचारते, "तू वर कावून बसत न्हाईस?" तू खेकसतेस, "गाडी मागं आली तर तुला कोण धरील? गप बस अन् पुस्तक बघ." पुस्तक बघत बघत मी कॉलेजपर्यंत गेले, शाळेत शिकवायला लागले.

त्या रस्त्यावरून घरी येताना लेक म्हणाली, "तिकडं रात्री काही झालं तर तुझ्याजवळ कोण आहे? शेजारणीला तर तू दारातच उभं करतेस." मला राग आला, कारण ते खरं होतं. मी दारातूनच बोलते. सलगी मला जमत नाही.

मला जायचं नाही, माय. तिथं दिवसभर खिडकीत बसून मी दुसऱ्यांच्या गाड्या बघत राहीन. पण नुसतं "नाही" म्हटलं तर तिकडं लेकीचा डोळा लागणार नाही.

काल रात्री एवढं लिहिलं आणि आज सकाळी शेजारणीला घरात बोलावलं. ती खुर्चीच्या टोकावर बसली. किल्ली पुढे केली तशी दचकली. "कावून मावशी, कुठं निघालात?"

"कुठंच नाही. म्हणून तर देतेय."

"मंग ठीक हाय. मला वाटलं, मावशींनी आज आत कसं घेतलं, काई चुकलं का काय माजं!"

हा कागद पाठवायला पत्ता नाही, कपाटातच राहील. रात्री छातीत धडधडायला लागलं की मला भीती वाटते. आज हे पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, शेजारणीलाच.

शेजारणीच्या हाती दिलं ते असं: पुढच्या दाराची दुसरी किल्ली, गोळ्यांची चिठ्ठी आणि लेकीचा फोन नंबर.