गौरीच्या जीपमधला फ्रिज

२ एप्रिल
बाळंतपणानंतर गौरीचा कामावरचा तिसरा दिवस. सून आमची गावोगावच्या विहिरींची पाणीपातळी मोजते. ह्यांची जुनी जीप घेऊन माळावरनं, ओढ्यातनं एकटी हिंडते. हे असते तर मिशीला पीळ देऊन बघत बसले असते.
सकाळी सातला जाते, सहाला येते. मधे तीनदा जीपच्या मागच्या बाजूला पडदा लावून बबडीसाठी दूध काढते नि बाटली बर्फाच्या पेटीत ठेवते. आज दुपारीच बर्फाचं पाणी. दुधाला वास. मोरीत ओतवेना तिला, जास्वंदीच्या बुडाशी ओतलं. पावडरचं दूध पाच महिन्यांची पोर भडाभडा ओकते.
गौरी म्हणाली, "अव्वा, महिनाअखेरीपर्यंत बघते. नाहीतर सोडते नोकरी." अर्ज लिहून पर्समध्ये ठेवलाय म्हणे.
मी म्हटलं, थांब जरा. चौथीच शिकले, पण ह्यांच्या बॅटरीच्या दुकानात चाळीस वर्षं बसलेय. गार ठेवायचं म्हणजे शेवटी करंटचंच काम की.

४ एप्रिल
सिद्धूनं (लेकानं) मित्राची गाडीत लावायची गार पेटी आणली. शेजारच्या दुकानातले रफीकभाई फ्रिज दुरुस्त करतात, त्यांना दाखवली. उघडून बघितली नि हसले. "भाभी, ये फ्रिज नै, डब्बे में पंखा है. बाहर से बीस डिग्री कम करता, बस."
थर्मामीटर ठेवून बघितलं. बाहेर एक्केचाळीस, आत बावीस. थंड हवेच्या गावाला चालत असेल. आमच्याकडं असली पेटी म्हणजे तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब.
कॉम्प्रेसरवालाच पाहिजे. बारा व्होल्टवर चालतो तो.

८ एप्रिल
आला! सिद्धू मोठा मागवत होता. गौ. म्हणाली, "चार बाटल्या ठेवायच्यात, लग्नाचं श्रीखंड नाही." लहानच घेतला. बॅटरीही कमी खातो.
समोरच्या सॉकेटला लावला तर दहा मिनिटांत बंद. तिथली तार शेवयांसारखी. फ्रिजपर्यंत व्होल्टेज पोचतच नव्हतं. बॅटरीच्या बाजूनं जाड तार ओढली, फ्यूज टाकला, सीटखालच्या मेन स्विचमधून घेतली. सगळं शिस्तीत. अर्ध्या तासात चार अंश. बोटं काळी झाली, लई दिवसांनी. बरं वाटलं.

१० एप्रिल
नासलं. काल थोडं, आज सगळं.
फ्रिज तर घरी आला तेव्हा चारच दाखवत होता. हात घातला, गार. तार बघितली, फ्यूज बघितला. खोट सापडेना.
वन्सं आल्या होत्या. ह्यांची बहीण, पण तोंडाला फ्यूज नाही. "उन्हातान्हात हिंडली की बाईच्या अंगावरचं दूधच नासतंय. फ्रिज काय करील त्याला?"
मी म्हटलं, "वन्सं, चहा घ्या." पण गौरीनं ऐकलं होतं. जेवली नाही नीट. भांडी घासताना हळूच विचारलं, "अव्वा, असं असतं का हो?"
नसतं म्हटलं. पण मग नासतंय कशानं, ते सांगता येईना.

१२ एप्रिल
बबडीला सिद्धूकडं ठेवून आज गौ.बरोबर गेले, बार्शीच्या बाजूला. फ्रिजवर नजर ठेवून मागं बसले.
पहिली विहीर. तिनं गाडी लावली, वाकली, सीटखाली हात घातला, कट्. मेन बंद. मग उतरली. न बघता केलं, चप्पल घालावी तसं.
फ्रिजचा दिवा गेला.
मीच शिकवलेलं! लग्न होऊन आली तेव्हा जीप तिच्या हातात देताना बजावलं होतं, "गाडी थांबली की आधी मेन बंद, मगच पाय खाली. बॅटरी उतरली तर माळावर कोण धक्का मारील?" ह्यांनी मला शिकवलं, मी तिला. आणि मीच फ्रिज त्या मेनमधून घेतला. वा गं शहाणे.
एकेका विहिरीवर दोन-दोन तास जातात. गावकरी पाणी विचारतात, चहा विचारतात. दुपारी बघितलं तर आत एकवीस. येताना दीड तास गाडी पळते, घर येईतो पुन्हा चार. म्हणून चोर सापडत नव्हता.
गौ. पाणी मोजून आली. तिचा हात धरला नि सांगितलं, "गौरे, तुझं दूध सोन्यासारखं हाय. माझी शिकवण नासकी निघाली." आधी कळेना तिला. मग कळलं तशी जीपला टेकून हसली, नि हसता हसता रडली. मीही.
किती दिवस ती स्वतःलाच दोष देत होती, कुणाला न सांगता.

१३ एप्रिल
मेन सोडून सरळ बॅटरीवर टाकला तर ती उतरून गाडीच अडकायची. म्हणून दुकानातली दुसरी बॅटरी घातली, फ्रिजला वेगळी. मधे रिले. इंजिन चालू असलं की दोन्ही भरतात, बंद झालं की दोन्ही वेगळ्या. जावाजावांसारख्या. गाडीची गाडीला, फ्रिजची फ्रिजला.
बॅटरी उचलायला रफीकभाई आले. चहाशिवाय काही घेतलं नाही. "पोती का दूध है भाभी, उसका क्या लेना." असे शेजारी कुठं मिळतात.

१५ एप्रिल
प्याली! तिन्ही बाटल्या चांगल्या. बबडीनं शेवटची पिऊन ढेकर दिला तेव्हा गौ.नं माझ्याकडं बघितलं. देवापुढं साखर ठेवली.
वन्संना मुद्दाम फोन केला. "बरं झालं बाई," म्हणाल्या. तेवढं पुरे.
पावडरचा डबा फळीवर आहे अजून. टाकला नाही.

२१ एप्रिल
गौ.ला तीन दिवसांचं काम आलंय, अक्कलकोटच्या पलीकडं. विचारत नव्हती, नुसती घुटमळत होती. मीच म्हटलं, "जा." घरच्या फ्रीजरमध्ये बाटल्या साठवल्यात, तिसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत पुरतील. तिथं काढलेलं दूध ती संध्याकाळी घेऊन येईल.
अर्ज पर्समध्येच आहे. फाडला नाही तिनं, मी विचारलं नाही.

२३ एप्रिल
सकाळी निघाली. "मेन बंद कर, फ्रिज चालू राहू दे," मी म्हणायच्या आत तिनंच म्हणून दाखवलं. खट्याळ.

२५ एप्रिल, दुपार
आत्ता फोन आला. गावं जवळजवळ, गाडी पळतच नाही, उभीच जास्त. बॅटरी भरत नाही.
"अव्वा, फ्रिज चार दाखवतोय, पण दुसरी बॅटरी साडेअकरा व्होल्टवर आलीय, फार टिकायची नाही. आत नऊ बाटल्या आहेत. दोन विहिरी राहिल्यात. इंजिन नुसतं चालू ठेवावं तर डिझेल घरी येण्यापुरतंच आहे. आत्ता निघाले तर दूध नक्की वाचेल, पण त्या दोन विहिरींसाठी इथं परत यायला लागेल. तुम्ही सांगाल तसं करते."
जिभेवर आलं होतं, निघ. गिळलं. माझं ऐकूनच एकदा नासलं होतं.
"न्हाय गौरे. काटा तुझ्यासमोर हाय. दूध तुझं, विहिरी तुझ्या. तू ठरव."
मागं कुणीतरी कानडीत पाणी मागत होतं. मग "बरं" म्हणाली नि ठेवला.
काय ठरवलं, माहीत नाही. पण आवाज घाबरलेला नव्हता, एवढं कळलं.
बबडी उठली. फ्रीजरमधली शेवटची बाटली कोमट पाण्यात ठेवलीय.