रांगोळीचं पोतं

तंजावूर,
२० डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
वरुणचा शि. सा. न. वि. वि.

मी खुर्चीवरून पडलो. हाडं शाबूत आहेत, अब्रूचं सांगता येत नाही. खुर्ची माझ्याच मालाची होती. मार्बल कापणाऱ्यांकडचा पांढरा चिखल वाळवायचा, दळायचा आणि प्लास्टिकमध्ये मिसळायचा, म्हणजे वस्तू अधिक ताठ होते, हे माझं संशोधन तुला तोंडपाठ आहे. त्यासाठीच कॉलेजातली नोकरी सोडली. पापनाशमच्या गुरुमूर्तींनी त्यांच्या कारखान्यात त्या मालाच्या खुर्च्या ओतल्या आणि मी सगळ्या कामगारांसमोर ऐटीत बसलो. मागचे दोन्ही पाय एकदम गेले.

भुकटीला मेणबत्तीत घालतात ते आम्ल माखलं होतं. तिने प्लास्टिकला घट्ट धरायला हवं होतं, का धरलं नाही कळत नाही. गुरुमूर्ती म्हणाले, पोंगलपर्यंत आणखी एकदा बघू, नंतर येऊ नका. न माखलेल्या भुकटीचं एक पोतं मात्र कामी आलं. मार्गळी महिना, रोज पहाटे मोठी रांगोळी लागते, म्हणून ते अंबाला दिलं. बायकोच्या दारात तरी माझं संशोधन शोभतंय.

भावोजींना नमस्कार. पडलेल्या भावावरची माया उभी राहू दे.

तुझा,
वरुण


कोइमतूर,
२८ डिसेंबर २०२४

चि. वरुणरावास,
वसुमतीचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग रडू आलं. तुझे भावोजी म्हणतात, त्यांच्या कॉलेजात एक जागा रिकामी आहे, पोंगलनंतर अर्ज घेणार नाहीत. विचार कर. हट्ट पुष्कळ झाला.

आणि शोभतंय म्हणे. अंबा फोनवर सांगत होती, ती भुकटी ओल्या जमिनीला चिकटतच नाही, पाणी शिंपडलं तर मोती होऊन घरंगळतं. बिचारी बाजारातून दुसरी आणून रांगोळी घालते. तुला कळवू नका म्हणाली, आधीच मन मोडलंय त्यांचं. पण तिला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून लिहिते.

पाठीला तेल लाव. रागावलीस म्हणू नको, काळजी आहे.

तुझी,
अक्का


तंजावूर,
१६ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पाणी घरंगळतं हे वाचून मी भरल्या पानावरून उठलो. माखलेल्या भुकटीची खूणच ती. वर्गात मुलांना हेच शिकवत होतो, आणि पोती अदलाबदल केली मीच. चांगलं पोतं बायकोला, कच्चं गुरुमूर्तींना.

अंबाकडून पोतं परत मागितलं. कारण ऐकून तिला हसू आवरेना, मग तिनेच ते मोपेडवर बांधून दिलं. पापनाशमला पोंगलच्या दोन दिवस आधी त्याच्या खुर्च्या ओतल्या. कामगार मला बसू देईनात, म्हणून गुरुमूर्ती स्वतः बसले, आणि त्यांचं वजन तू पाहिलं आहेस. खुर्ची हलली नाही. पुढचा माल त्यांनी मागितला आहे. भावोजींचे मनापासून आभार मान आणि अर्ज केला नाही म्हणून सांग.

इतके दिवस रोज पहाटे ती विकतची रांगोळी घालत होती आणि मी तिच्यासमोर माझ्या भुकटीचं कौतुक करत होतो. आठवलं की लाज वाटते, आणि तिच्याविषयी फार माया वाटते. एक खुर्ची तिला घरी आणून दिली. आधी तुम्ही बसा, म्हणाली. मी बसलो, उठलो, मग ती बसली.

तुझी पत्रं अशीच फितूर राहोत.

तुझा,
वरुण