यंदा खोकं नको

सान रोके, गिमारास बेट
६ जून १९९९

ती. मनांग फेलीस,
धाकट्या बहिणीचा, ग्लोरिफेचा सा. न. वि. वि.

तुझं खोकं मंगळवारच्या होडीनं सुखरूप पोचलं. सगळी आळी बघायला आली. ताताय लेकीनं पाठवलेले मांसाचे डबे एकावर एक रचून गावच्या मुखियासारखे शेजारी बसले. पोरांचे बूट जरा मोठे झालेत, पण पोरं वाढतील. बूट थोडेच वाढणार!

आता पुढचं वाच, पण चिडू नकोस. गेल्या महिन्यात तातायना परसात भोवळ आली. तुला कळवायचं नाही म्हणून त्यांनी मला शपथ घातली होती. आरोग्यसेविका नोर्मा आली, तर रक्तदाब एकशे ऐंशी. काय खाता म्हणून विचारलं तेव्हा आपले ताताय ऐटीत म्हणाले की, हाँगकाँगचं! मग तिनं मागचा खड्डा बघितला. तुझ्या खोक्यांतले अकरा वर्षांचे रिकामे डबे, त्यांत पावसाचं पाणी आणि पाण्यात डासांच्या अळ्या. तुम्ही घरात एक दुखणं शिजवता आणि परसात दुसरं पाळता, असं ती तोंडावर बोलून गेली. नूडल्सची पाकिटं आम्ही जाळायचो. त्या धुरानं माझा धाकटा खोकतो हेही तिनंच दाखवलं.

खड्डा उपसला. तिथं आता भेंडी, लाल भोपळा, वांगी लावलीत, कुंपणाला शेवगा. रोज त्याच भाज्यांचा नि पाल्याचा पातळ लासवा उकळते, मीठ नावाला. आपण बकरी नाही, अशी तातायची रोजची तक्रार. काल ते पलंगाखाली चमचा घेऊन सापडले. म्हणाले, मांजर शोधतोय. आपल्याकडं मांजर कुठं आहे?

तेव्हा मनांग, यंदा डबे नकोत, नूडल्स नकोत. खरं तर खोकंच नको.

राग आला तर मनसोक्त भांड, पण माया पातळ करू नकोस.
तुझी ग्लोरिफे


हाँगकाँग
२० जून १९९९

चि. ग्लोरिफेस,
अनेक आशीर्वाद.

बापाला भोवळ येते आणि मला महिन्यानं कळतं. मी आता घरातली नाही का गं?

खोकं म्हणजे काय असतं हे तुला ठाऊक नाही. सहा महिने ते माझ्या अंथरुणाच्या पायथ्याशी असतं. खोली एवढीशी, म्हणून मी गुडघे मुडपून झोपते. दर रविवारी त्यात एकेक वस्तू ठेवते, आणि ठेवताना ती कोण खाणार, कोण घालणार ते डोळ्यांसमोर येतं. तुझ्या शेवग्याच्या पाल्यावर 'फेलीनं पाठवलं' असं लिहिलेलं असतं का कुठं?

अकरा वर्षं जे गोड लागलं ते आता विष झालं. ठीक आहे, नाही पाठवत. तातायना विचार, त्यांना काही सांगायचंय, की अजून मांजरच सापडत नाहीये?

लोभ आहे तसाच आहे. तो होडीत चढवता येत नाही, एवढंच.
फेली


सान रोके
८ जुलै १९९९

चि. फेलीस,
तुझ्या म्हाताऱ्याचे अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आलंय, सांभाळून वाच. तुझं पत्र वाचताना ग्लोरिफे रडली. तिला दोष देऊ नकोस. भोवळ लपवली मी, डबे लपवले मी. शेवटचे तीन परवा आपणहून तिच्या हवाली केले. रिकाम्या डब्यांना खिळ्यानं भोकं पाडून त्यांत मिरची लावलीय. मिरची आणि व्हिनेगर असला की बिनमिठाचंही घशाखाली उतरतं. रक्तदाब एकशे चाळीसवर आलाय. ग्लोरिफेचा लासवा चांगला होतो, पण हे तिला कळवू नकोस, डोक्यावर बसेल.

खरं सांगतो पोरी. डबे मला चवीचे लागत नव्हते. झाकण उघडलं की वाटायचं, फेलीनं वाढलं. पण त्या दिवशी परसात पडलो तेव्हा तुझा चेहरा आठवायला गेलो, तर नीट आठवेना. त्याची मला भोवळीपेक्षा जास्त भीती वाटली.

दोनदा तू रजा पुढं ढकललीस. येत्या ऑगस्टात सान रोकेच्या जत्रेला ये. हातात काही आणू नकोस.

वाट बघणाऱ्यावर माया ठेव.
ताताय


हाँगकाँग
२४ जुलै १९९९

ती. तातायना सा. न. आणि चि. ग्लोरिफेस आशीर्वाद.

बारा दिवसांची रजा मिळाली! पण रिकाम्या हातानं धक्क्यावर उतरले तर आळी काय म्हणेल? अकरा वर्षं तिथं काय केलंस, असं विचारतील.

आणखी एक. लपवण्यात मीही तुमचीच लेक आहे. चर्चमध्ये रविवारी फुकट तपासणी होती, माझा रक्तदाब एकशे सत्तर निघाला. मालकांची जेवणं उरकली की ओट्याशी उभ्या उभ्या नूडल्स खाते, तेच माझं जेवण. तुम्हाला पाठवायचे तेही तेच. मला वाटायचं, आपण एकाच ताटात जेवतोय.

ग्लोरिफे, बकरीचा चारा माझ्यासाठीही शिजव.

भेटीपर्यंत सांभाळून घ्या.
फेली


हाँगकाँग
१२ सप्टेंबर १९९९

चि. ग्लोरिफेस,
पोटभर आशीर्वाद.

अजून हसू येतं. सगळी आळी धक्क्यावर माझ्यामागं खोकं शोधतेय, आणि तातायनी जाहीर करून टाकलं की यंदाचं खोकं पायांनी चालत आलंय, उघडायची घाई करू नका, आधी जेवा! मोठ्या पातेल्यातला लासवा, भाजलेले मासे आणि तुझं तूर-फणसाचं कालवण. त्या पासिंगकाकूनं चॉकलेट आहे का म्हणून तीनदा विचारलं आणि तीनदा वाढून घेतलं. पहाटे ताताय मला झऱ्यापर्यंत चालवत न्यायचे, आणि धाप मला लागायची!

इथं आल्यावर बाजारच्या पाल्याचा लासवा केला. मालकिणीच्या सासूबाई वासानं स्वयंपाकघरात आल्या. आता रोज त्यांना वाटी लागते. आम्ही दोघी बसून जेवतो. माझा रक्तदाब एकशे अडतीस.

आता मुख्य बातमी. मार्चमध्ये करार संपतो. मालकिणीनं नवा कागद पुढं केला, मी सही केली नाही. आपल्या धक्क्याजवळच्या शाळेला स्वयंपाकीण हवी आहे, हेडबाईंशी रजेवर असतानाच बोलून आले होते. तुम्हाला सांगितलं नाही, कारण माझाच धीर होत नव्हता. घर कसं चालेल याची धाकधूक आहे, नाही असं नाही. पण सही केली नाही त्या दिवशी भांडी घासताना मी मोठ्यानं गात होते.

हातपंपाजवळचा तुकडा मोकळा ठेव. तातायनी काही पेरायला घेतलं तर अडव. तिथं काय लावायचं ते मार्चमध्ये मी ठरवीन.

तोवर भांडणं साठवून ठेव आणि लोभ रोज वापर.
तुझी मनांग फेली