मासे सोडायचा मॉनिटर

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कॉलेजात परत जाणार का, असं तू पुन्हा विचारलंस, म्हणून पुन्हा सांगतो: नाही. जुने कॉम्प्युटर जिवंत करणं ज्यांना भंगाराचं काम वाटतं, त्यांना खुशाल वाटू दे.

आज मात्र मलाच शिसारी आली आहे. आमच्या वर्कशॉपखाली ती दातांची डॉक्टर बसते ना, जिच्याबद्दलचं माझं पत्र तू भावजींना वाचून दाखवलंस (लाज वाटू दे), ती आज स्वतः वर आली. सोबत तिच्या वारलेल्या वडिलांचा मॉनिटर. हिरव्या अक्षरांचा, जड, जुन्या घडणीचा. असा आता शोधून मिळत नाही. मला वाटलं, हिलाही यातलं कळतं. तर म्हणाली, आतलं सगळं काढून टाका आणि काचेची टाकी बसवा, वेटिंग रूममध्ये यात मासे सोडायचेत.

ताई, इथे मी आत मेलेली झुरळं काढलीत, फुटलेल्या कपॅसिटरचा सडक्या मासळीसारखा वास घेतलाय, हातमोजे घालून कीबोर्ड कुरवाळणारे हौशी संग्राहक सोसलेत. पण इतक्या सुंदर माणसाच्या तोंडून असलं घाणेरडं वाक्य ऐकलं नव्हतं. आमच्या उस्तादांनी काम घेऊन माझ्या टेबलावर ठेवलं.

मी मासेबिसे सोडणार नाही.

माया राहू दे, सल्ले कमी कर.
तुझा भाऊ

ता. ९ फेब्रुवारी

चि. भडकूस,
अ. उ. आ.

तुझे भावजी हसले. मी नाही हसले. बरं, मीही हसले. एवढं तुझं प्रेम आणि ते माशावरून घसरलं.

आता हसणं पुरे. वडिलांच्या वस्तूचं कोणी असं काही करायला सांगतं, तेव्हा त्यामागे काहीतरी असतं. जिना उतर आणि विचार. तुला चिडायला लागतो त्याहून कमी वेळ लागेल.

वेळेवर जेव. रागावलास तरी पत्र लिही.
तुझी ताई

ता. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी विचारलं नाही. मला वाटलं, चालू झालेला पाहिला की तिचे डोळे भरून येतील आणि मासे कुठल्या कुठे जातील. केसांच्या ब्लीचचा लेप लावून पिवळं पडलेलं बाहेरचं कॅबिनेट उन्हात ठेवलं, ते दुधासारखं निघालं. सगळे कपॅसिटर बदलले. उस्ताद म्हणाले, गिऱ्हाइकाने सांगितलं तेवढं करावं. मी ऐकलं नाही.

काल दवाखाना बंद होता, पण ती आणि तिची आई आवराआवर करत होत्या. मी मॉनिटर तिथेच मांडला आणि आमचा एक जुना कॉम्प्युटर जोडून चालू केला. हिरवी अक्षरं अशी उमटली की मलाच गहिवरून आलं. मग मॉनिटर तापला, आणि वास यायला लागला. जुन्या सिगारेटचा, चिकट, वर्षानुवर्षं आतल्या तारांवर बसलेला. आमच्याकडे दिवसभर सोल्डरचा धूर. माझ्या नाकाला काही कळलंच नव्हतं.

ती तोंड दाबून बेसिनकडे पळाली. परत येऊन शांतपणे म्हणाली, बाबा खोली बंद करून याच्यासमोर बसायचे आणि ओढायचे. मी त्या धुरात गृहपाठ केला. त्यातच ते गेले. आईला ही वस्तू टाकवत नाही आणि मला ती घरात सोसत नाही, म्हणून मासे. बाबा ठेवायचे होते, वास ठेवायचा नव्हता.

 मी मॉनिटर उचलून वर आलो. आता माझी मलाच किळस येते आहे.

लोभ ठेवण्यासारखं काही उरलं असेल तर ठेव.
तुझा भाऊ

ता. ८ मार्च

चि. भडकूस,
अ. उ. आ.

आधी तुला तिची शिसारी, आता स्वतःची. दोन्हींचा तिला काडीचा उपयोग नाही. तिने सांगितलेलं काम कर.

तू आमचाच आहेस, विसरू नकोस.
तुझी ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

केलं. मीच जोडलेलं मीच उपटलं. पिक्चर ट्यूबमध्ये साठून राहिलेला करंट उतरवून ती बाहेर काढली. तारांवरचा तपकिरी चिकटा कोपरापर्यंत लागला. कॅबिनेट आतून पुन्हा पुन्हा धुतलं. दर वेळी डोकं आत घालून वास घेत होतो. मग टाकी बसवली.

आज खाली नेलं. जबडा तपासावा तसं तिने कोपरा न् कोपरा हुंगला आणि मान हलवली. मग तिच्या आईने वाकून हुंगलं, आणि म्हणाली, आता ते खरंच गेले.

मी तिला माझ्या मनातलं सांगायचं ठरवून गेलो होतो. पुढे झालो, तशी ती मागे सरकली. म्हणाली, राग मानू नका, पण तुमच्या शर्टाला तो वास येतोय.

मी निघालो. तेवढ्यात तिच्या आईने आपल्या शेजारची खुर्ची ओढली आणि मला म्हणाली, घटकाभर बस.  मी बसलो, तशी ती माझ्या बाहीकडे झुकली आणि तिने डोळे मिटून खोल श्वास घेतला. दवाखान्याचे दिवे मालवेपर्यंत बसून होतो.

शर्ट अजून धुतलेला नाही. माझ्यावरची तुझी माया अशीच राहू दे.
तुझा भाऊ