शेजारणीचा टेबलफॅन

आई, आज म्हसवडजवळच्या एका वाडीत तुझ्यासारखीच एक बाई भेटली आणि माझं डोकं फिरलं. शाळा सोडून आम्हा शिक्षिकांना सर्व्हेला जुंपलंय, घरोघरी जाऊन खरं गरीब कोण ते शोधायचं. मोबाइलवर प्रश्न येतात, भिंत कशाची, गाडी आहे का, पंखा आहे का. चूल दोन्ही वेळा पेटते का, हे विचारावंसं कुणालाच वाटलेलं नाही. वर ट्रेनिंगमध्ये साहेबांनी बजावलं, घर फार नीटनेटकं दिसलं तर जरा बारकाईनं बघा. म्हणजे गरिबानं अंगणसुद्धा झाडायचं नाही! एसीत बसून बरं सुचतं यांना.

त्या बाईनं घर लख्ख सारवलं होतं. मी उंबऱ्यात पाय ठेवते तोच म्हणाली, "आवं बाई, किती घामाघूम झालायसा. बसा की, फॅन लावते." पंखा कुणाच्या तरी लग्नातला, बुडावर भलतंच आडनाव रंगवलेलं. "कुणाचा हो?" मी विचारलं. "आमचाच हाय की," ती मान ताठ ठेवून म्हणाली. मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं आणि रडूही आलं.

सांगलीत आपल्याकडे सर्व्हेवाला आला तेव्हा तूही हेच केलंस. हळदीच्या बाजारात हळकुंडं निवडायला जायचीस, त्या दिवशी खाडा केलास. शेजारणीचा टेबलफॅन आणि दोन धड कप मागून आणलेस. कशाला गं, म्हटलं तर खेकसलीस, "दारात आल्याला मानूस घामात बसवायचा व्हय?" त्यानं तुझा चहा प्याला, पंख्याचा वारा खाल्ला आणि कागदावर पंखा लिहिला. स्वस्त धान्याचं पिवळं कार्ड गेलं, केशरी आलं. पिवळे राहिले ते तुझे हात. तेव्हापासून संध्याकाळच्या भाकरीच्या जागी कण्या आल्या, आणि कण्या वाढताना तू दरवेळी म्हणायचीस, "माजीच हौस नडली गं." अगदी शेवटच्या आजारपणातसुद्धा म्हणालीस.

आज मी 'पंखा नाही' असं भरून टाकलं. चौकशी लावायची तर खुशाल लावू देत. त्या रागातच हे लिहायला बसले. पत्र जायचं कुठंच नाही, शाळेच्या पिशवीत पडून राहील, म्हणून एकदाचं सांगून टाकते. तू आत चहा गाळत होतीस तेव्हा तो सर्व्हेवाला लिहिता लिहिता थांबला होता. भला माणूस असावा. त्यानं मला हळूच विचारलं, "पंखा तुमचाच का गं, बाळ?" मी दहा वर्षांची, पंख्यासमोर ऐटीत बसलेले. म्हणाले, "व्हय, आमचाच." तू जन्मभर स्वतःला दोष देत राहिलीस आणि मी समोर बसून कण्या खात राहिले.