शिंप्याच्या दुकानातला दिवा

८ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नव्या जागेत सामान लागलं एकदाचं. तिसरा मजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघराला भिंतभर खिडकी. तिच्यावर भाळूनच मी या जागेला हो म्हटलं होतं. आता तीच वैरीण झालीय.

रोज दुपारी चारच्या सुमारास टेकडीमागून काळा ढग वर चढतो. आधी वारा पडतो, दोरीवरचे कपडे निपचित लोंबतात, आणि मग आभाळ टराटरा फाटतं. वीज टेकडीवर उभीच्या उभी उतरते, ताई. काचा थरथरतात आणि त्यांच्याबरोबर मीही. ओट्याखाली जाऊन बसावं, तर तेही जमत नाही. कारण दिवे गेले की कचेरीतून बोलावणं येतं आणि हे रेनकोट चढवून निघतात. सगळी माणसं घरात शिरतात तेव्हा माझा नवरा खांबावर चढतो आणि मी खिडकीत वाट बघत उभी.

परवा यांना विचारलं, वर भीती वाटत नाही का. म्हणाले, लाइन बंद करूनच चढतो, टेस्टर लावतो, साखळी टाकून तारा जमिनीला जोडतो, मगच हात लावतो. भीती एकाच गोष्टीची. दिवे गेले म्हणून कुणी मेन स्विच बंद न करता जनरेटरची वायर सरळ घरातल्या प्लगात खुपसली, तर करंट उलटा तारेत येतो. अशा वेळी ज्याच्याकडे जनरेटर नाही, त्याच्याकडेही दिवा लागतो. हे सगळं यांनी पोळीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं. मी मात्र ताट बाजूला सारलं.

तू काय करतेस गं, वीज कडाडली की?

उत्तराची वाट बघणारी,
चिमी

१३ मे

चि. चिमीस,
अ. उ. आ.

मी काय करते? उत्तरपत्रिका तपासते. गडगडाट झाला की माझा लाल पेन दचकतो आणि एखाद्याचा अर्धा गुण वाढतो, एवढंच.

गणिताच्या बाईला विचारलंस, तर गणितच ऐक. वीज चमकली की आवाज येईपर्यंत सेकंद मोज आणि तीनने भाग. तितके किलोमीटर ती लांब. मोजत राहिलं की मन थाऱ्यावर राहतं. खिडकीपासून लांब बस, नळाला हात लावू नकोस. आणि तिथे उभं राहून नवऱ्याची वाट बघणं सोड, तू डोळे लावून बसलीस म्हणून ते लवकर येणार नाहीत. लहानपणापासूनची भित्री भागूबाई तू! निदान नव्या शेजाऱ्यांसमोर तरी झाकून ठेव.

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र लिही.

तुझी,
ताई

२१ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झाकून ठेवायचं म्हणालीस, पण माझी शोभा झाली ती झालीच. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

परवा दुपारी साडेतीनलाच अंधारून आलं. मी मोजत होते. बारा, मग सात, मग तीन. मग मोजायला वेळच मिळाला नाही, उजेड आणि आवाज एकदमच आले. दिवे गेले, शेजारचा फोनही मुका झाला. बोलावण्याची वाट न बघताच हे घरून निघाले आणि थोड्या वेळाने यांची शिडीची गाडी आमच्याच रस्त्याच्या टोकाला येऊन थांबली. खांब वळणापलीकडे, इमारतीआड. हे दिसत नव्हते, नुसतं गाडीचं मागचं चाक दिसत होतं. तुझा आकडा वीज किती लांब ते सांगतो, ताई. ती यांच्यापासून किती लांब, ते सांगत नाही.

तेवढ्यात खाली आइसक्रीमवाल्याने नवा जनरेटर सुरू केला. त्याचा माल वितळत होता, बिचारा तरी काय करणार. मी बघते तर समोरच्या शिंप्याच्या दुकानात दिवा लागलेला! मंद, लालसर, विझू विझू करणारा. शिंप्याकडे कुठला जनरेटर? त्याचं तर शिलाई मशीनही पायाचं.

पुढचं मला नीट आठवत नाही. जिन्यात एक चप्पल सुटली, दुसरी मीच फेकली. पावसात रस्त्यावर आले आणि डोक्यावर असा कडकडाट झाला की मी गुडघ्यांवर बसलेच. उठावंसं वाटेना. खरं सांगते, मनात आलं की परत फिरावं. मग कशी उठले कोण जाणे. आइसक्रीमच्या दुकानात शिरून ओरडले, बंद करा, माझा नवरा तारेवर आहे. तो म्हणायला लागला की बाई, आधी शांत व्हा, माल जाईल माझा. मी त्याला बाजूला ढकललं आणि प्लगातली वायर ओढून काढली. कुल्फीचा डबा आडवा झाला. समोरचा दिवा गेला.

संध्याकाळी हे आले. मी सगळं सांगितलं तर हसले. म्हणाले, साखळी टाकलेली होती, काही झालं नसतं, तू उगाच धावलीस. आता जिन्यात भेटेल तो विचारतो, काय वहिनी, आज कुणाचा प्लग काढायचा? आइसक्रीमवाला माझ्याकडे बघतही नाही. मी खिडकीला जाड पडदा लावून टाकलाय. वीज चमकली की त्यातूनही दिसते.

तुझी वेडी,
चिमी

२३ मे

ती. ताईंना,
शि. सा. न. वि. वि.

माझं पत्र बघून दचकू नका, सगळे सुखरूप आहोत. अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या.

चिमीने तुम्हाला त्या दुपारचं लिहिलं असेल. मी तिला खोटं सांगितलं. साखळी टाकलेली नव्हती. टेस्टर लावला, तार मेलेली होती. साखळी गाडीत राहिली होती, जोडीदार आणायला गेला. पाऊस वाढत होता म्हणून मी तेवढ्यात वर चढलो. पंचवीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

कमरेचा पट्टा खांबाला बांधला आणि खांबावरचा दिवा लालसर पेटला. तुटलेल्या तारेचं टोक माझ्या खांद्यापासून वीतभर अंतरावर वाऱ्याने झुलत होतं. पट्टा सोडायला हात हलवला तर ते लागणार, नाही हलवला तर वारा आणून लावणार. खांबाला छाती चिकटवून तसाच राहिलो. जोडीदार खालून ओरडत होता, त्यालाही खांबाला हात लावता येईना. तीन-चार मिनिटं गेली असतील. एकदा ते टोक रेनकोटच्या बाहीला घासून गेलं. मग दिवा विझला.

घरी आल्यावर ती सांगायला लागली तेव्हा कळलं, तो दिवा कुणी विझवला. हसलो ते सगळं लपवायला. खरं कळलं तर ती मला पुन्हा कामावर जाऊ देणार नाही, आणि दुसरं काम मला येत नाही. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून तुम्हाला लिहिलं. कृपा करून तिला कळवू नका.

तुमचा,
चिमीचा नवरा

२९ मे

चि. चिमीस,
अ. उ. आ.

सोबत तुझ्या नवऱ्याचं पत्र जोडलंय. आधी ते वाच, मग हे. तुला कळवू नका असं त्यांनी बजावलंय. मी चार दिवस विचार केला आणि कळवायचं ठरवलं.

वाचलंस? आता बस जरा. पाणी पी.

त्यांच्यावर चिडशील, ते तुझं तू बघ. मला एवढंच माहीत आहे की जिन्यातली माणसं तुला हसतात, तूही स्वतःला वेडी म्हणवतेस, आणि हे मला चालणार नाही. भित्री म्हणून तुला सगळ्यात जास्त मी चिडवलं. माझ्यासारखी धीट बाई त्या दिवशी खिडकीपासून लांब बसून उत्तरपत्रिका तपासत राहिली असती. तिला तो दिवा दिसलाच नसता.

काल इथे कडाडलं. पेन खाली ठेवला आणि खिडकीत जाऊन उभी राहिले. इथून तुमचा खांब दिसत नाही, हे मला कळतं. तरी पाऊस थांबेपर्यंत हललेच नाही.

ही दोन्ही पत्रं आज त्यांच्या पुढ्यात ठेव. माझ्यावर रागावतील, रागावू देत. पण साखळी आल्याशिवाय खांबावर चढणार नाही, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घे आणि मला कळव. मग आइसक्रीमवाल्याकडे जा आणि त्यालाही सांग त्या दिवशी काय झालं असतं. मान वर करून सांग.

लोभ आहेच, तो कुठे जात नाही.

तुझी,
ताई